सिग्नल लाल आहे का हिरवा?

जुन्या कॉम्प्युटरवरून गेम लाइव्ह दाखवायचा विषय निघाला की लोक लगेच ग्राफिक्स कार्डावर येतात. कुठलं घ्यावं, किती जीबीचं घ्यावं, सेकंडहँड घेतलं तर फसायला होतं का. मी त्यांना आधी छताच्या पंख्याबद्दल विचारते. चित्र धूसर असलं तरी माणूस तासभर बघत बसतो, पण आवाज घरघरायला लागला, मध्येच तुटायला लागला, की दोन मिनिटांत उठून जातो. पंखा बंद करता येत नसेल (मिरजेत एप्रिल महिन्यात करून दाखवाच) तर माइक तोंडाजवळ आणा, कार्डाचं नंतर बघू. हे उत्तर बहुतेकांना आवडत नाही, कारण त्यात खरेदी नाही.

मी या भानगडीत पडले ती यूट्यूबच्या एका नियमामुळे. २२ जुलै २०२५ पासून तिथे एकट्याने लाइव्ह यायला वयाची १६ वर्षं पुरी लागतात. त्याहून लहान मुलाबरोबर मोठं माणूस दिसलं पाहिजे. माझा भाचा ओजस चौदाचा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आला तो हाच बेत घेऊन. घरी आईबाबांनी आधीच हात वर केले होते. "आत्या, तू नुसतं शेजारी बसायचं. बोलायचं काही नाही," असा करार ठरला. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. गप्प बसून स्क्रीनकडे बघायची मला सवय आहे. हो म्हटलं.

मशीन माझंच होतं. कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला डेस्कटॉप: इंटेलचा आय-५ २४००, २०११ सालचा, चार कोर, ८ जीबी रॅम. २०२५ च्याच ऑक्टोबरच्या १४ तारखेला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला होता, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर किमान आठव्या पिढीचा लागतो. माझा दुसऱ्या पिढीचा. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री निवृत्त. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली, आणि ते चहा उकळायच्या आत सुरू व्हायला लागलं.

ओजसने पहिला प्रश्न केला, "व्हॅलोरंट चालेल ना?" चालत नाही. त्याची फसवेगिरी रोखणारी यंत्रणा विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसते. लिनक्सवर तिला बसायला जागाच नाही. मग जीटीए ५. प्रोसेसरच्या पोटातल्या एचडी २००० ग्राफिक्सवर तो खेळ सुरू करायचं माझ्याच्याने झालं नाही. दोन दिवस तोंड पाडून बसला बिचारा, मग फोनवरच्या बीजीएमआयकडे परत गेला आणि सुट्टी संपल्यावर पुण्याला. मशीनवर ओबीएस तसंच राहिलं. आणि मी.

ओबीएस म्हणजे ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर, स्क्रीनवरचं चित्र आणि माइकचा आवाज जुळवून लाइव्ह पाठवणारं. जिम बेली या माणसाने २०१२ साली सुरू केलं, आज जगभरची माणसं मिळून ते सांभाळतात. जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे फुकट तर आहेच, पण आतलं काम कसं चालतं ते कुणीही उघडून बघावं, बदलावं, पुढे द्यावं. चर्चमधली प्रार्थना, कॉलेजचं लेक्चर, कीर्तन, सगळीकडे हेच चालतं. ते स्वतः मात्र सगळं करत नाही. चित्र आवळायचं, म्हणजे कमी बिटांत बसवायचं काम ते एक्स२६४ कडे देतं, आणि ते आलं व्हिडिओलॅनच्या मंडळींकडून, नारिंगी शंकूवाल्या व्हीएलसीवाल्यांकडून. ज्या व्हीएलसीवर आपण लग्नाच्या सीड्या बघितल्या त्यांचंच भावंड माझ्या घरून प्रक्षेपण करतंय, हे कळल्यावर मला ते सॉफ्टवेअर एकदम घरचं वाटायला लागलं.

हिशेबाच्या माणसाला ओबीएसमध्ये काय आवडेल तर आकडे. १२८० बाय ७२० ठिपक्यांचं एक चित्र, ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे २७ लाखांच्या वर बाइट. असली ३० चित्रं दर सेकंदाला. बाइटला आठ बिट, झाले ६६ कोटी बिट, दर सेकंदाला. आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याच्या इंटरनेटवर मी पुढे पाठवते ते फक्त १५ लाख. म्हणजे सुमारे ४४० बिटांतला एक जातो, बाकीचे इथेच मरतात. त्यातल्या कुणाला मारायचं हे ठरवण्यात त्या बिचाऱ्या २०११ च्या प्रोसेसरची सगळी कमाई खर्च होते.

तो ठरवतो कसं, हे कळलं आणि मग कुठला खेळ खेळायचा याचंही उत्तर मिळालं. दर दोन सेकंदांनी एक चित्र पूर्ण लिहिलं जातं. मधली चित्रं आमच्या रोजकीर्दीत लिहितात तशी, "वरीलप्रमाणे" म्हणून. जे हललं, बदललं, तेवढंच नव्याने मांडायचं. स्क्रीनवरचं बरंचसं स्थिर असेल तर नोंद दोन ओळींत आटोपते आणि उरलेले बिट कडा स्वच्छ ठेवायला मिळतात. सगळंच एकदम हललं की "वरीलप्रमाणे" म्हणायला वर काही उरतच नाही.

सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा मुक्त खेळ गोड आहे, पण वेगात जाणारं गवत, झाडं, धूळ हे सगळं १५ लाख बिटांत बसवायचं म्हणजे हिरवा चिखल. शिवाय त्या ग्राफिक्सला तो झेपतही नाही. झीरो ए.डी. या लढायांच्या खेळात मौर्य सैन्य आहे, हत्ती आहेत, मला फार हौस होती. सैन्य वाढलं की मशीन गुडघे टेकतं. बॅटल फॉर वेसनॉथ उत्तम चालतो, पण त्यावर मला बोलायला काही सुचेना. एल्फ आणि ऑर्क यांच्याशी माझं नातं नाही.

मग ओपनटीटीडी.

क्रिस सॉयरने १९९४ मध्ये ट्रान्सपोर्ट टायकून हा खेळ केला, बहुतेक सगळा असेंब्ली भाषेत. ल्युडविग स्ट्रिगियस या स्वीडिश मुलाने पुढच्या डीलक्स आवृत्तीचा उलगडा करून तो नव्याने लिहिला आणि २००४ मध्ये मुक्त करून टाकला, तोच ओपनटीटीडी. पुढे चित्रं आणि आवाजही लोकांनी स्वतःचे बनवले, त्यामुळे मूळ खेळाची सीडी शोधायची गरज राहिली नाही. वरून तिरकं दिसणारं गाव, खाणी, कारखाने, आणि तुम्ही रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या. रंग २५६. डोंगर हलत नाहीत, गावं हलत नाहीत, हलतात त्या फक्त गाड्या. "वरीलप्रमाणे" म्हणणाऱ्याला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. आणि खरी गंमत म्हणजे हा खेळ जवळजवळ सगळं काम एकाच कोरवर करतो. उरलेले तीन कोर एक्स२६४ ला मोकळे. चित्र रंगवायलाही तो ग्राफिक्सवर फारसा विसंबत नाही, त्यामुळे एचडी २००० ला ओबीएसचं चित्र जुळवायचं काम निवांत करता येतं. या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाची चित्र आवळायची वेगळी सोय आहे, इंटेलने ती याच पिढीत पहिल्यांदा आणली. ती वापरून बघितली. कमी बिटांत तिचं चित्र मला भावलं नाही. तीन कोर रिकामे असताना तिच्याकडे कशाला जायचं?

एक्स२६४ ला किती घाई करायची ते सांगावं लागतं: अल्ट्राफास्ट, सुपरफास्ट, व्हेरीफास्ट, असं उतरत्या घाईने. मी व्हेरीफास्टवर थांबते. घाई कमी केली तर चित्र सुधारतं, पण ओबीएसच्या आकडेवारीच्या चौकटीत दुसरी ओळ वाढायला लागते. त्या चौकटीत तीन वेगळी दुखणी वेगळ्या ओळींत लिहिलेली असतात आणि लोक तिन्हींना एकच नाव देतात, "लॅग होतंय". पहिली ओळ वाढली तर ग्राफिक्सला चित्र वेळेत जुळवता आलं नाही: खेळातली सजावट कमी करा, फ्रेम दर (सेकंदाला किती चित्रं) बांधून टाका. दुसरी वाढली तर प्रोसेसरला वेळेत आवळता आलं नाही: घाई वाढवा किंवा चित्र लहान करा. तिसरी वाढली तर कॉम्प्युटरचा काही दोष नाही, वायरचा आहे: बिट कमी करा, वायफाय सोडून केबल लावा, आणि संध्याकाळी सातला आख्खी गल्ली मालिका बघते तेव्हा लाइव्ह येऊ नका. तिसऱ्या दुखण्यावर नवं ग्राफिक्स कार्ड आणणारा माणूस माझ्या माहितीत आहे.

डेटाचंही सांगून टाकते, कारण अनेकजण फोनच्या हॉटस्पॉटवरूनच हे करतात. माझ्या आकड्यांनी तासाला पाऊण जीबीच्या जरा आत जातं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन तास बसतात, मग मात्र घरात दुसऱ्या कुणी रील बघायची नाही.

तर सगळं जुळलं होतं. फक्त सिग्नल दिसत नव्हते.

ओपनटीटीडीतला सिग्नल म्हणजे खांबावर चारदोन ठिपके, लाल किंवा हिरवे. माझ्या स्क्रीनवर ते ठसठशीत दिसायचे. प्रेक्षकांना राखाडीसारखं काहीतरी. याचं कारण बिटांत नव्हतं. व्हिडिओ आवळताना उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही, म्हणून ही काटकसर एरवी खपून जाते. चेहरा, आभाळ, क्रिकेटचं मैदान, काही बिघडत नाही. पण दोन ठिपक्यांचा लाल दिवा शेजारच्या हिरव्या गवतात विरघळून जातो. झूम करून दाखवता येतं, मग बाकीचं यार्ड दिसत नाही.

माझ्या मोजक्या प्रेक्षकांत एक निवृत्त गार्ड आहेत, सगळी नोकरी मिरज जंक्शनवरून केलेले. त्यांनी चॅटमध्ये विचारलं, "ताई, होम सिग्नल लाल आहे का हिरवा?" (होम म्हणजे स्टेशनात शिरायच्या आधीचा.) मी म्हटलं, "लाल. फलाट दोनवर कोळसा उभा आहे, तो सुटल्याशिवाय मिळणार नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. मग त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगायला लागले. कुठली गाडी कुठे उभी, का उभी, पुढच्या सांध्यावर काय होणार. मिनिमॅपवर, म्हणजे खेळातल्या छोट्या नकाशावर टिचकी मारून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला उडी घेतली की चित्र क्षणभर चिखल होतं, म्हणून उडी मारायच्या आधी सांगायचं, की आता आपण खाणीकडे चाललोय, तिकडे तीन गाड्या खोळंबल्यात. दिसायला लागेपर्यंत लोक तिथे पोचलेले असतात. चित्राला जे झेपत नाही ते बोलून भरून काढायचं.

बोलणं स्वस्त पडतं, हे तर आकड्यातच आहे. चित्राला १५ लाख बिट, आवाजाला १ लाख २८ हजार. अकरावा हिस्सासुद्धा नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकून क्रिकेट बघितलं, तिथे तर चित्राच्या नावाने शून्य होतं. आजचे गेम स्ट्रीम बघताना मला अनेकदा वाटतं, चित्र इतकं लखलखीत असतं की बोलणाऱ्याला फक्त ओरडायचंच काम उरलंय. हे माझं वय बोलत असेल. असू दे.

म्हणून पैसे घालायचेच तर आवाजात. माझा माइक साधा यूएसबीचा आहे. ओबीएसमध्ये गोंगाट कमी करायला दोन पर्याय मिळतात, स्पीक्स आणि आरएननॉइज. दोन्हींच्या मागे एकच माणूस, जाँ-मार्क व्हालँ. पहिला हलका, दुसरा प्रोसेसरला थोडा जड, पण पंख्याची घरघर असली तर दुसराच लावा; मी एक्स२६४ कडून थोडं काढून त्याला देते. कुकरची शिट्टी कधीमधी निसटते. तिच्याबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही, उलट "काय शिजतंय?" म्हणून विचारतात.

मराठीतून करायचं म्हटल्यावर एक अडचण वेगळी येते, ती सांगते. लिनक्सवरच्या ओबीएसमध्ये अक्षरं लिहायची जी साधी सोय आहे, ती एकामागून एक अक्षर ठेवत जाते. देवनागरीची जुळणी तिला कळत नाही. मी हौसेने "मिरज जंक्शन" लिहिलं. पडद्यावर आलं "मरिज", कारण वेलांटी मच्या आधी न जाता त्याच्यानंतर, रच्या पुढ्यात जाऊन बसली. जंक्शनचा पाय मोडून वेगळा. विंडोजवर हा त्रास होत नाही. ब्राउझर सोर्स, म्हणजे ओबीएसमध्येच वेबपान दाखवायची सोय वापरली तर जुळणी नीट होते, पण एका ओळीच्या मजकुरासाठी पोटात आख्खा ब्राउझर चालवणं माझ्या मशीनला परवडत नाही. मी सरळ इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फाँट घेऊन पाटी करते आणि चित्र म्हणून ओबीएसमध्ये टाकते. एकदा टाकली की तिचा भार जवळजवळ नाहीच. पाट्यांचा आता एक फोल्डर झालाय: "थोड्या वेळात येते", "लाइट गेली होती", "कुकर उतरवून येते".

आणि बोलायला विषय? मिरजेत राहून रेल्वेवर बोलायला विषय कमी पडतो का! एके काळी इथे तिन्ही मापांचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज. खेळात उष्ण प्रदेशाचा एक नकाशा आहे. त्यातल्या वाळवंटातल्या गावांना अन्न आणि पाणी पोचवल्याशिवाय ती वाढत नाहीत. पाण्याच्या वाघिणी (मालगाडीचे डबे) जोडायच्या, गावच्या टाकीजवळ रिकाम्या करायच्या. तो नकाशा उघडला त्या दिवशी मी खेळ कमी आणि एप्रिल २०१६ जास्त सांगितला. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, आणि कृष्णेचं पाणी मिरजेहून रेल्वेने गेलं. आधी १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटरच्या आसपास, पुढे ५०. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन आणलेल्या टँक वाघिणी होत्या त्या. खेळात धुवायची भानगड नाही, पाण्याची वाघीण वेगळी विकत मिळते. लातूरकडच्या एका बाईंनी चॅटमध्ये लिहिलं, की त्या वर्षी पाहुण्यांना चहा विचारतानाही विचार करावा लागायचा. मग तासभर कुणी सिग्नलबद्दल बोललंच नाही. खेळातली गावं तेवढ्या वेळात तहानलेली राहिली, कारण मी गाडीला आदेश द्यायचंच विसरून गेले होते.

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये काही सेकंद जातात, हेही अंगवळणी पडावं लागतं. मी म्हणते "गाडी सुटली", लोकांना ती अजून उभी दिसते. त्यांचा प्रश्न येतो तोवर ती पुढच्या स्टेशनात. यूट्यूबवर हा उशीर कमी करायची सोय आहे, पण तो जितका कमी ठेवाल तितकं नेट जरा अडखळलं की प्रेक्षकाचं चित्र थांबतं. मी मधला पर्याय ठेवते. घाई असलेलं माणूस हा खेळ बघायला येतच नाही.

ओजसने मध्ये एकदा बघितलं. फोन आला, "आत्या, तू ७२० पी वर का दाखवतेस? १०८० कर ना."

"मशीन रडेल रे."

"मग नवीन घे. आणि तू इतकं का बोलतेस? करार काय होता आपला?"

त्याला आता पुढच्या सुट्टीत माझ्या स्ट्रीमवर यायचंय. सोळाचा होईपर्यंत त्याला माझीच गरज आहे, त्यामुळे अटी मी घालणार. रूळ टाकायला बसायचं, आणि बोलायचं.

सध्या आमच्याकडे मोठा वाद चालू आहे. खेळातली गाडी शेवटच्या स्टेशनात शिरते आणि जागच्या जागी तोंड फिरवून निघते, इंजिन आपोआप पुढे. गार्डसाहेबांना हे अजिबात मंजूर नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस मिरजेत दिशा बदलते. इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला न्यायचं, जोडायचं, ब्रेक तपासायचे, याला वेळ लागतो, आणि "तुमची गाडी जादूने फिरते ताई" हे वाक्य ते दर खेपेला लिहितात. त्यांची दुसरी मागणी नॅरोगेजची. ओपनटीटीडीत मुळात साधा रूळ, विजेचा रूळ, मोनोरेल आणि मॅग्लेव्ह एवढंच आहे. नॅरोगेज हवी तर लोकांनी बनवलेली जोडणी खेळातूनच उतरवून घ्यावी लागते, आणि ती चालू खेळात घुसडणं धोक्याचं, म्हणजे नकाशा पहिल्यापासून मांडायचा. लातूरच्या बाई म्हणतात मांडा. पंढरपूरच्या एका मुलाने कुर्डुवाडीपर्यंतच्या स्टेशनांची यादी पाठवलीय. तर रविवारी दुपारी चारला, लाइट असली तर, नवा नकाशा.